तागडीतून उतरलेल्या वस्तू

मुंबईच्या चोर बाजाराबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. राणी व्हिक्टोरिया मुंबईत आली, बंदरावर सामान उतरवताना तिचे व्हायोलिन गायब झाले, आणि शोधाशोध केल्यावर ते याच बाजारातल्या एका दुकानात सापडले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण व्हिक्टोरिया हिंदुस्थानात कधी आलीच नाही. १८७७ पासून ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवली गेली, म्हातारपणी तिने उर्दूची अक्षरे गिरवली, तरी इथल्या मातीला तिचे पाय लागले नाहीत. तिचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबई बंदरात उतरला होता. म्हणून काही जण ते व्हायोलिन त्याच्या नावावर घालतात.

नावाची कथाही अशीच. मूळ नाव ‘शोर बाजार’, म्हणजे गोंगाटाचा बाजार; इंग्रजांना ‘शोर’ म्हणता येईना, म्हणून त्याचे ‘चोर’ झाले, असे सांगतात. हे पटत नाही. ‘शॉप’, ‘शिप’, ‘शिलिंग’ हे शब्द दिवसभर तोंडात असलेल्या माणसाची जीभ ‘शोर’वर का अडखळावी? शेजारच्या भेंडी बाजारालाही असाच इंग्रजी जन्म चिकटवला आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा तो ‘बिहाइंड द बाजार’, आणि त्याचा अपभ्रंश भेंडी बाजार! ज्याने कोकण किनाऱ्यावर पिवळ्या फुलांची भेंडीची झाडे पाहिली आहेत, त्याला इतके दूर जावे लागत नाही. मुंबईतल्या किती जागा झाडांच्या नावांवर आहेत: चिंचपोकळी, वडाळा, फणसवाडी. भेंडी त्याच पंगतीत बसते.

मग ‘चोर’ हे नाव खरे म्हणायचे का? जगभर जुन्या वस्तूंच्या बाजारांची नावे पाहिली तर त्यात दोनच प्राणी पुन्हा पुन्हा दिसतात, चोर आणि पिसू. लिस्बनमध्ये १८८२ पासून कांपु द सांता क्लारा या चौकात मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या बाजाराच्या नावात ‘लाद्रा’ हा शब्द आहे, आणि पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ चोरटी. सिंगापूरच्या सुंगेई रोडवरचा बाजार ‘थीव्हज मार्केट’ म्हणूनच ओळखला जाई. पॅरिसच्या वेशीबाहेर सेंट-ऊआँ येथे चिंध्या वेचणाऱ्यांनी बसवलेला बाजार ‘पिसवांचा बाजार’ झाला आणि तेच नाव भाषांतरित होऊन जगभर गेले. चोर काय किंवा पिसू काय, दोन्ही शब्दांमागे एकच भीती आहे: ही वस्तू कुणाच्या घरातून आली ते मला ठाऊक नाही. मुंबईला तर ती भीती अक्षरशः भोगावी लागली. १८९६ च्या सप्टेंबरात चोर बाजारापासून हाकेच्या अंतरावर, मांडवीत, प्लेग उमटला. घरोघरचे अंथरूण-पांघरूण आणि कपडे जाळले गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. त्या वर्षांत जुने कपडे विकत घेणे हा जिवाशी खेळ होता.

चोरीचा माल इथे कधीच आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ज्या बाजारात पावती नसते तिथे तो येणारच. कायदा मात्र याबाबतीत इंग्लंडपेक्षा आपल्याकडे जास्त कडक होता, ही मजेची बाब आहे. इंग्लंडमध्ये काही जुन्या उघड्या बाजारांत दिवसाउजेडी, सचोटीने विकत घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी ती ग्राहकाचीच राही. लंडनच्या बर्मंडसी बाजारात ही मुभा १९९५ पर्यंत होती. भारतात १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे २७ वे कलम सांगते की, विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर घेणाऱ्याकडे ती येऊ शकत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. एवढे असूनही बाजार पिढ्यान् पिढ्या टिकला, याचा अर्थ तो पोसला गेला चोऱ्यांवर नाही. तो कशावर पोसला गेला, हीच त्याची खरी कथा आहे.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. दाटीवाटीने वसलेला भाग जळाला आणि कोटाबाहेर, मैदानापलीकडे, देशी वस्ती वेगाने वाढू लागली. मांडवी, भुलेश्वर, मुंबादेवी, उमरखाडी, नळ बाजार अशी ती उत्तरेकडे सरकत गेली. पुढे जे. जे. रुग्णालय उभे राहिले, भायखळ्याला श्रीमंतांचे बंगले होतेच, नागपाड्यात बगदादी यहुदी आले, कामाठीपुऱ्यात तेलंगणातून आलेले मजूर स्थिरावले. या सगळ्यांच्या मधोमध, गोल देवळापासून पुढे, मटण स्ट्रीट आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्या पडतात. पूर्वेला बंदर, पश्चिमेला ग्रँट रोडच्या नाट्यगृहांचा पट्टा, उत्तरेला बंगले. जुन्या वस्तूंच्या व्यापाराला याहून सोयीची जागा मिळाली नसती. लोखंडी सामान, हत्यारे आणि काचसामान यांत मुरलेले बोहरा व्यापारी इथे होते आणि मोडक्या वस्तूला पुन्हा उभे करणारे कारागीरही होते.

या वस्तीचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक चित्र आपल्याला सुदैवाने मिळते, आणि त्यात मराठी हात आहे. मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी १९१२ मध्ये ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ नावाचे पुस्तक लिहिले आणि त्यात या मोहल्ल्यांतले दैनंदिन जगणे रंगवले. त्याची चित्रे काढली कोल्हापूरच्या म. वि. धुरंधरांनी. पोलिसाची नजर आणि चित्रकाराची नजर एकाच गल्लीवर पडली असे क्वचितच घडते.

आता माल येतो कसा ते पाहू. मुंबईतल्या चाळींत वाढलेल्या कुणालाही त्या साखळीचा पहिला दुवा ठाऊक आहे: बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत भांडी, खांद्यावर गाठोडे. दुपारी पुरुष कामावर गेलेले असत तेव्हा ती येई. चार लुगडी, दोन सदरे आणि एक धोतर एवढ्यावर एखादे पातेले मिळे. त्या घासाघिशीत दोन्हीकडची माणसे मुरलेली असत. बोहारीण कापडाचा पोत उजेडाकडे धरून बघे, आणि आतली बाई पातेल्याच्या बुडावर नख वाजवून बघे. जरीचे लुगडे दिसले की बोहारणीचा स्वर बदले, कारण जर खरी असेल तर तिच्यात चांदी असे. असे काठ जाळून त्यातली चांदी काढून घेत. पैठणीचा पदर किती बारकाईने विणला होता, कोणत्या लग्नात नेसली होती, याला तिथे किंमत नव्हती. किंमत होती राखेत उरणाऱ्या चांदीला.

मराठीत याला ‘मोड’ म्हणतात. वस्तू मोडीत निघते म्हणजे ती वस्तू राहत नाही, ती पितळ, तांबे, लोखंड, रद्दी होते. रद्दीवाला आणि भंगारवाला हे तिचे वाटाडे, आणि तागडी हे तिचे न्यायालय. घंगाळ असो, बंब असो की समई असो, काट्यावर चढले की सगळ्यांना एकच भाव. साठ-सत्तरच्या दशकांत घरोघर स्टील आले तेव्हा महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांतून तांब्यापितळेचा पूरच मोडीत गेला. कल्हईवाल्याची वाट बघायला नको, चिंचेने घासायला नको, म्हणून आनंदाने गेला. त्या आनंदात चुकीचे काही नव्हते. घासणारे हात बायकांचे होते.

चोर बाजाराचे काम इथे सुरू होते. भंगाराच्या वखारीतल्या ढिगात एखादा फिरता व्यापारी हात घालतो, त्यातला एक पानडबा उचलतो आणि म्हणतो, हा वजनावर नको, नगावर दे. त्या एका शब्दाने वस्तू तागडीतून उतरते. ती पुन्हा पानडबा होते, तिला झाकण असते, आतली खणांची मांडणी असते, झाकणावरचा मोर असतो. वजनाचा भाव ते नगाचा भाव हा जो टप्पा आहे, तो पार करून देण्यातच या बाजाराचे दीडशे वर्षांचे कसब आहे. चोर बाजार नसता तर मुंबईच्या जुन्या घरांतले बरेचसे सामान भट्टीत गेले असते.

वस्तूंची मोठी लाट यायची ती मात्र बोहारणीच्या पाटीतून नव्हे. ती यायची शहरातला एखादा वर्ग उठून गेला किंवा खाली बसला की. बदली होऊन विलायतेला परतणारा साहेब घरातले सामान लिलावात काढी. ‘लिलाव’ हा शब्दच पोर्तुगीजांचा. चावी, बालदी, पिंप आणि घमेले यांच्यासारखा तोही किनाऱ्यावरून मराठीत आला. १९४७ मध्ये साहेब कायमचा गेला आणि त्याच सुमारास या वस्तीतली काही कुटुंबे कराचीला गेली. १९४८ नंतर नागपाडा-भायखळ्याचे बगदादी यहुदी इस्रायल आणि इंग्लंडच्या वाटेला लागले. १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर आला, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि मोठ्या घरांतली झुंबरे व आरसे खाली उतरले. पारशांची संख्या १९५१ मध्ये सुमारे १ लाख ११ हजार होती, २०११ च्या जनगणनेत ती ५७,२६४ भरली. ज्या घरात शेवटची मावशी उरते, त्या घरातले शिसवी कपाट, चिनी मातीचे सेट आणि गोल घड्याळ कुठे जाणार?

इराणी हॉटेलांच्या खुर्चीची कथा तर स्वतंत्र सांगावी अशी. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची ही खुर्ची ज्या घराण्यातली, त्याचा मूळपुरुष व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेतची १४ क्रमांकाची खुर्ची. ती १८५९ मध्ये आली. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढीच तिची रचना. सुटी केली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. म्हणूनच ती बोटीने जगभर गेली, आणि तिच्या भाऊबंद खुर्च्या मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या इराण्यांकडे संगमरवरी टेबलांभोवती बसल्या. हॉटेले एकामागून एक बंद होत गेली तशा त्या खुर्च्या चोर बाजारात आल्या. तिथून त्या नव्या कॅफेंत गेल्या, जिथे आज बन-मस्क्याची किंमत वेगळी असते.

१९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि गिरणगावचे लोखंड भंगारात निघाले. यंत्रे वजनावर गेली. शिट्ट्या, पितळी पाट्या, हजेरीची घड्याळे यांतले थोडेफार नगावर वाचले. बंदराकडून येणारा माल वेगळाच होता. रे रोडजवळच्या दारूखान्यात जुनी जहाजे तोडली जात. १९८३ मध्ये गुजरातेत अलंगचा किनारा जहाजतोडणीसाठी खुला झाला, तेव्हा तिथूनही माल येऊ लागला: जहाजाच्या गोल खिडक्या, होकायंत्रे, कप्तानाच्या खोलीतली टेबले, इंजिनखान्याला हुकूम पोचवणारी पितळी तबकडी. समुद्रावर कधी न गेलेल्या मुंबईकराच्या दिवाणखान्यात ही खिडकी लागते तेव्हा ती जवळजवळ नेहमीच या वाटेने आलेली असते.

जमिनीवरच्या आणि भिंतीवरच्या फरशाही इथे मिळतात, आणि त्यांत एक सुंदर गुंता आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला. तो १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घरोघरची देवघरे व्यापली. पुढे जपानी कारखान्यांनी भारतात पाठवण्यासाठी झिलईदार चिनी मातीच्या फरशा बनवल्या, त्यांतल्या काहींवरचे देव थेट रविवर्म्याच्या वळणाचे आहेत. म्हणजे चित्र मळवलीचे, माती जपानची, भिंत मुंबईची. वाडा पडला की ती फरशी कुदळीने निघते आणि मटण स्ट्रीटवर येते. काही वेळा कोपरा उडालेला असतो, तरी सरस्वतीचा चेहरा शाबूत असतो.

या बाजाराचे सर्वांत मोठे ऋण मात्र गाण्यावर आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या होत्या. जड, ठिसूळ, हातातून सुटली की चक्काचूर. एलपी आणि मग कॅसेट आल्यावर त्या घरातली अडगळ झाल्या. भावगीते, नाट्यपदे, बाई सुंदराबाई, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, सगळे माळ्यावरून रद्दीत गेले. संग्राहकांनी ते या गल्ल्यांतून वेचून काढले. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, तिच्या सभासदांनी तबकड्यांच्या याद्या केल्या, क्रमांक जुळवले, लेख लिहिले. कोणती चीज कुणी कधी ध्वनिमुद्रित केली याचे आज जे ज्ञान आपल्याकडे आहे, त्याचा मोठा भाग सरकारी दप्तरांतून नव्हे, असल्या वेचणीतून आला. आणि हे घडले भेंडी बाजाराच्या कुशीत. ज्या गल्ल्यांत मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थायिक झाले, तिथेच घराणे उभे राहिले आणि वस्तीचे नाव घेऊन मोठे झाले. नझीर खाँच्या शिष्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर. पुढच्या पिढीत अमान अली खाँकडे लता मंगेशकरांनी काही काळ तालीम घेतली. ज्या वस्तीत हे गाणे पिकले, तिच्याच फुटपाथवर गाण्याच्या तबकड्या पुन्हा मिळाल्या.

सिनेमाच्या बाबतीत नशीब इतके बरे नव्हते. फिल्ममध्येही चांदी असते, पैठणीच्या पदरासारखीच. जुन्या प्रती धुऊन ती चांदी काढून घेण्याचा धंदा होता. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतले पूर्ण किंवा अपूर्ण असे जेमतेम तीसच्या आसपास उरले आहेत. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले ते १९६४ मध्ये. तोवर बरेच काही वितळून गेले होते. वाचले ते कागद. पोस्टर, लॉबी कार्ड, गाण्यांच्या चोपड्या यांत चांदी नव्हती, आणि रद्दी म्हणून त्यांचे वजनही फार भरत नव्हते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी केलेले पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतले सर्वांत जुने मानले जाते. त्यानंतरच्या दशकांतली हाताने रंगवलेली पोस्टरे मटण स्ट्रीटच्या दुकानांत गठ्ठ्यांनी पडून असत. आज त्यांची नक्कल नव्या कागदावर छापून तिथेच विकली जाते, आणि घेणाऱ्याने कागदाची घडी तपासली नाही तर त्याला फरक कळत नाही.

नकलांचा विषय निघाला आहे तर थोडे थांबायला हवे, कारण गेल्या काही दशकांत या बाजाराचा चेहरा त्यांनीच बदलला. पितळी कर्ण्याचा चमकता ग्रामोफोन दुकानाच्या दारात ठेवलेला असतो. पेटी नवी, कर्णा नवा, आतले यंत्र एखाद्या जुन्या पोर्टेबलमधून काढलेले, वर कुत्र्याचे चित्र. जुन्या कर्ण्याची पाकळी हातात जड लागते, सांधे स्वच्छ असतात, आणि पेटीच्या आतल्या लाकडाचा रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो. दुर्बिणी आणि होकायंत्रे यांचेही तसेच. त्यांवर कोरलेले इंग्रजी नाव आणि अठराशेचे साल पाहून भुलू नये. खरी जुनी उपकरणे सहसा इतक्या ठळकपणे आपले वय सांगत नाहीत. जाणकार माणूस वस्तू उलटी करतो. खालची बाजू, मागची बाजू, खणाचे आतले टोक, स्क्रूची खाच. खोटे करणारा दर्शनी भागावर मेहनत घेतो, पाठीवर घेत नाही.

खऱ्या जुन्या वस्तूबाबत आणखी एक गोष्ट ग्राहकाने जाणून घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे, नाणी आणि कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. १९७६ मध्ये हा कायदा अमलात आला. म्हणून विजेच्या जुन्या दिव्याला सुखाने हात लावावा, आणि देवळातली वाटावी अशी मूर्ती दिसली तर मागे वळावे.

शुक्रवारी या गल्ल्यांचे रूप पालटते. दुकाने बंद असतात आणि त्यांच्यासमोर रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पहाट फुटायच्या आत बॅटरीच्या उजेडात जुने बूट आणि चपला विकल्या जातात. कामाठीपुऱ्याच्या बाजूने येणारा मजूर तिथून पायताण घेऊन थेट कामावर जातो. हा बाजारही चोर बाजारच, आणि मासिकांच्या रंगीत पानांवर तो येत नाही याचे वाईट वाटते. झुंबर घेणाऱ्यापेक्षा बूट घेणाऱ्याची गरज मोठी असते. उजाडल्यावर चादरी पसरल्या जातात: चार्जर, नळाच्या तोट्या, एक डोळा गेलेली बाहुली, चष्म्यांच्या चौकटी, कुण्या अनोळखी लग्नाचा अल्बम. पहिल्या गिऱ्हाइकाला विक्रेता सहसा परत पाठवत नाही, कारण बोहनी व्हायची असते. मराठी दुकानदार त्यालाच भवानी म्हणतो.

हे सगळे इतकी वर्षे चालू कसे राहिले, याचे उत्तर रसिकतेत शोधू नये. ते भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी गोठली. पागडीवर घेतलेले दहा बाय आठचे दुकान नाममात्र भाड्यात पिढ्यान् पिढ्या घरात राहिले. जुन्या वस्तूच्या धंद्याला भांडवलापेक्षा धीर लागतो. एखादे झुंबर योग्य माणूस येईपर्यंत सात वर्षे छताला टांगलेले राहू शकते. दर महिन्याला बाजारभावाने भाडे द्यावे लागले असते तर ते सातव्या महिन्यातच भट्टीत गेले असते. पण त्याच गोठलेल्या भाड्याने इमारतींची डागडुजीही गोठवली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची शंभरी पार केलेली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जुन्याच्या प्रेमात पडणाऱ्याने ही तारीख विसरू नये. त्या इमारतींत माणसे राहत होती, आणि सुरक्षित घर मागण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही झुंबरापेक्षा मोठा आहे.

त्या मागणीला उत्तर म्हणून बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांनी २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. भेंडी बाजारातली साडेसोळा एकर जमीन, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्रित पुनर्विकास हे त्याचे काम. चोर बाजाराला लागूनच उंच मनोरे उभे राहिले आहेत. कुटुंबांना स्वतःच्या मालकीचे, संडास-न्हाणीघर असलेले घर मिळते ही साधी गोष्ट नाही. प्रश्न उरतो तो बाजाराचा. सिंगापूरने सुंगेई रोडचा बाजार १० जुलै २०१७ रोजी बंद केला आणि विक्रेते पांगले. अहमदाबादने वेगळी वाट धरली. पंधराव्या शतकात अहमदशहाच्या काळात सुरू झाल्याचे सांगतात तो गुजरी बाजार साबरमतीच्या काठावरून उठवण्याची वेळ आली, विक्रेते न्यायालयात गेले, आणि २०१४ मध्ये त्याच नदीकाठी त्यांना ओटे, झाडे आणि सावली असलेली जागा मिळाली. कोल्हापूरच्या सराफकट्ट्यालाही ‘गुजरी’ म्हणतात. शब्द तोच, बाजाराचाच. मुंबईला अनुकरण करायचे असेल तर अहमदाबाद जवळ आहे. ओटा रस्त्यालगत हवा, भाडे बेताचे हवे आणि शुक्रवारची पहाट मोकळी हवी. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर जुम्मा बाजार भरत नाही.

या बाजाराकडून एक गोष्ट मात्र कधीच झाली नाही. त्याने वस्तू वाचवल्या, त्यांची नावे वाचवली नाहीत. पानडबा नगावर आला, पण तो कुणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या आजीच्या हाताशी असायचा, हे पहिल्याच हातबदलात गळून पडते. व्यापाऱ्याला ते विचारणे परवडत नाही, विकणाऱ्याला सांगायचा संकोच असतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून मोडी दप्तरे मिळवत आणि कोणता कागद कुठल्या घरात सापडला ते नोंदवत, म्हणून १८९८ पासून निघालेल्या त्यांच्या ‘साधनां’च्या खंडांना इतिहासाचे मोल आले. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, गंजिफा असे वीस हजारांहून अधिक नग जमवले, जुन्या बाजारातून आणि पडत्या वाड्यांतून, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. तिथला अडकित्ता अडकित्ता म्हणून बोलतो, कारण कुणीतरी त्याच्या शेजारी चार शब्द लिहून ठेवले आहेत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यंदा माळा आवरायला काढाल, आईचा पितळी डबा किंवा आजोबांची तबकड्यांची पेटी द्यायची ठरवाल, तर ती जरूर द्या. घरात जागा नसते हे खरे आहे. पण देण्याआधी एक कागद घ्या. वस्तू कुणाची, गाव कोणते, साधारण कोणत्या साली घेतली आणि घरात तिला काय म्हणत, एवढे लिहा आणि तो कागद झाकणाच्या आत किंवा खणाच्या तळाशी चिकटवा. पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत पसरते.